रेडिओ कॉन्टेस्टमध्ये उतरताय? निदान या चुका तरी टाळा

कॉन्टेस्ट, म्हणजे ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायची स्पर्धा, जवळ आली की नव्या हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: किती वॉट लागतील? वॉटचं नंतर बघू. आधी लॅपटॉपचं घड्याळ तपासा.

सीक्यू वर्ल्डवाइड या जगभरच्या स्पर्धेचा फोन (आवाजी) भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो. यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे) 48 तास, म्हणजे बडोद्यात शनिवारी पहाटे 5:30 ते सोमवारी पहाटे 5:29. लॉग, म्हणजे कॉन्टॅक्टची नोंदवही, यूटीसीत लागतो हे सगळ्यांना पाठ असतं, आणि घोळ तिथेच होतो. दांडिया बाजारातल्या एका उत्साही गड्याने विंडोजचा टाइम झोन भारताचाच ठेवला आणि घड्याळ हाताने साडेपाच तास मागे नेलं. लॉगिंग सॉफ्टवेअर यूटीसी स्वतःच काढतं. सॉफ्टवेअरने आणखी साडेपाच तास वजा केले. पहिल्या साडेपाच तासांतले कॉन्टॅक्ट शुक्रवारच्या तारखेला, म्हणजे स्पर्धा सुरू होण्याआधीच, जाऊन बसले. रविवारी लक्षात आल्यावर त्याने घड्याळ सरळ केलं, पण कितव्या नोंदीनंतर ते लिहून ठेवलं नाही. मग लॉग कुठून सरकवायचा? झोनला आणि घड्याळाला हात लावू नका. इंटरनेटवरून वेळ जुळवा आणि लॉगरमधली वेळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा बरोबर साडेपाच तास मागे आहे ना, एवढं शुक्रवारी रात्रीच बघा.

दुसरं दुखणं दिवाळीचं. स्वस्त एलईडी तोरणांमुळे 40 आणि 80 मीटरच्या बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर) अशी खरखर येते की युरोपची स्टेशनं बुडून जातात. लगेच प्रीअँप (येणारा सिग्नल वाढवणारं सर्किट) लावणारे महाभाग आहेत. त्याने खरखरही वाढते. रिग (रेडिओ संच) 12 व्होल्टच्या बॅटरीवर घ्या आणि घरचा मेन स्विच पाडा. आवाज गेला तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चढवत पकडा. नाही गेला तर ट्रान्झिस्टर घेऊन जिना चढा-उतरा. शेजाऱ्याकडे तक्रार नाही, फराळाचं ताट घेऊन जायचं.

क्लस्टरवर, म्हणजे कोण कुठे ऐकू येतंय ते सांगणाऱ्या इंटरनेटवरच्या यादीत, दिसलेला कॉल (स्टेशनचं ओळखचिन्ह) न ऐकता लॉगमध्ये टाकणं हा शुद्ध आळस. कॉल चुकला तर तो कॉन्टॅक्ट जातोच, वर त्याच्या दुप्पट गुणांचा दंड. आणि विनासहाय्य (अशा मदतीविना खेळायच्या) गटात नाव दिलं असेल तर क्लस्टर उघडायचाच नाही.

माइक गेन वाढवून ओरडल्याने कोणी लवकर ऐकत नाही, शेजारची फ्रिक्वेन्सी मात्र खराब होते. एएलसीचा (ट्रान्समीटरची पातळी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा खुणेच्या आत ठेवा, आवाज दाबून एकसारखा करणारा कॉम्प्रेसर आधी बंद.

प्रत्येक कॉन्टॅक्टमध्ये आपला सीक्यू झोन (स्पर्धेसाठी पाडलेल्या जगाच्या विभागाचा क्रमांक) सांगायचा, तो 22 आहे; 41 हा आयटीयूच्या वेगळ्या विभागणीतला, तो इथे देऊ नका.

इंदूरच्या मित्राशी बोलून गुण शून्य, पण बँडवर पहिलाच भारतीय कॉन्टॅक्ट असेल तर मल्टिप्लायर मिळतो, म्हणजे एकूण गुणांना गुणणारा आकडा वाढतो.

डुप्लिकेट नोंदी पुसू नका, त्यांचा दंड नसतो.