एका अर्थाचे पाच शब्द: इंग्रजी शब्दसंग्रह गटागटाने कसा वाढवावा

इंग्रजी सुधारायचं म्हटलं की बरेच जण समानार्थी शब्दांची लांबलचक यादी काढून घोकायला बसतात. 'स्टबर्न' म्हणजे हट्टी, 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हट्टी, 'टिनेशस' म्हणजेही हट्टी. असे तीन शब्द शिकून हाती काय लागलं? खरं तर 'टिनेशस' बहुतेक वेळा चिकाटीचं कौतुक करताना वापरतात आणि 'ऑब्स्टिनेट' नाक मुरडून. शब्द गटाने शिकायचे ते हा फरक पकडण्यासाठी. सारखेपणा काय, तो यादीत दिसतोच.

१. ओळखीच्या शब्दापासून सुरुवात करा. समजा, 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्याभोवती थ्रिफ्टी, फ्रूगल, मायझर्ली, पार्सिमोनियस एवढे चारच गोळा करा. शब्द थिसॉरसमधून, म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र देणाऱ्या कोशातून, घ्यायला हरकत नाही, पण अर्थाचा फरक तिथे शोधू नका. पीटर मार्क रोजे या डॉक्टरांनी 1852 मध्ये आपला थिसॉरस काढला, तो कल्पना मनात आहे पण नेमका शब्द सुचत नाही अशा लिहिणाऱ्यासाठी. शब्दांच्या छटा त्याला आधीच ठाऊक असणार, हे त्यात गृहीतच धरलेलं. फरक समजून घ्यायला इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला, उदाहरणं देणारा शब्दकोश उघडा.

२. एका बैठकीत नवे शब्द दोनच. हा नियम जाचक वाटेल, पण तो मोडू नका. 1990 च्या दशकात थॉमस टिंकम आणि रॉब वॉरिंग यांनी केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की जवळच्या अर्थाचे अनोळखी शब्द एकदम शिकले तर ते एकमेकांत मिसळतात आणि लक्षात राहायला उलट जास्त वेळ लागतो. पहिले दोन पक्के झाले की मगच पुढचे.

३. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारा. कौतुक की टीका? सौम्य की जहाल? बोलण्यातला की लिहिण्यातला? आपल्या गटाचंच पाहू. 'थ्रिफ्टी' म्हणजे काटकसरी, पैसा वाया न घालवणारा, हे कौतुक. 'फ्रूगल' माणसाच्या मुळात गरजाच कमी. साध्या, बेताच्या जेवणालाही 'फ्रूगल मील' म्हणतात. 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू, रोजच्या बोलण्यातला. 'मायझर्ली' त्याच्या पुढचा, थेट कवडीचुंबक; आणि कुणी हातावर टेकवलेली अगदीच तुटपुंजी रक्कमही 'मायझर्ली' असते. 'पार्सिमोनियस'मध्ये टीका तीच, फक्त पुस्तकी भाषेत. मात्र विज्ञानात हाच शब्द स्तुतीचा होतो: कमीत कमी गृहीतकांत काम भागवणारं स्पष्टीकरण 'पार्सिमोनियस' ठरतं. वहीत पाचही शब्दांपुढे 'कंजूष' लिहिलंत तर यातलं काहीच हाती लागणार नाही. मराठीतही काटकसरी आणि कवडीचुंबक आपण एका मापाने मोजत नाही. तीच नजर इथे वापरा.

४. शेजारचा शब्द टिपा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. 'कडक' या अर्थाचा गट घ्या. शिक्षक 'स्ट्रिक्ट' असतात, चेहरा किंवा नजर 'स्टर्न', नियम 'स्ट्रिंजंट', प्रशिक्षण 'रिगरस', शिक्षा किंवा वेदना 'सिव्हिअर'. आता अदलाबदल करून बघा. 'स्ट्रिक्ट रूल्स' चालतं, पण 'स्ट्रिंजंट टीचर' इंग्रजी कानाला खटकतं. प्रत्येक गटासाठी एकच वाक्य घ्या, त्यात एकेक शब्द बसवून पाहा आणि जो बसत नाही त्यावर काट मारा. शब्द सुटा लिहू नका. नामासकट जोडीच लिहा.

शब्द कुठून आला हे पाहिलं तर त्याचा रुबाबही कळतो. 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, पुढे विद्वानांनी लॅटिनमधूनही भरपूर उचलले. म्हणून 'आस्क' घरगुती, फ्रेंचमधून आलेला 'क्वेश्चन' जरा औपचारिक आणि लॅटिन वळणाचा 'इंटरॉगेट' थेट पोलिसी चौकशीचा. सरसकट नियम नव्हे हा, पण अंदाज बांधायला बरा.

५. उजळणी करताना गट मोडा. गट शिकताना एकत्र, आठवताना विखुरलेला. दोन-तीन गटांतली वाक्यं मिसळा, शब्दाच्या जागी रिकामी रेघ ठेवा आणि दोन दिवसांनी भरा. अडलं तर सगळा गट पुन्हा वाचत बसू नका. ज्या दोन शब्दांत गफलत झाली तेवढेच शेजारी ठेवून पाहा.

जीआरई, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी लागणारी परीक्षा, देणाऱ्यांसाठी एक सूचना. 'सेन्टेन्स इक्विव्हलन्स' प्रश्नात रिकाम्या जागी बसून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द सहा पर्यायांतून निवडायचे असतात, त्यामुळे गट पाठ असलेल्यांचा हात आपोआप समानार्थी जोडीकडे जातो. ती जोडी कित्येकदा फसवायला मुद्दाम ठेवलेली असते. आधी वाक्य वाचा, रिकाम्या जागी कोणत्या छटेचा शब्द हवा ते ठरवा आणि पर्याय त्यानंतर बघा.