सीनियर वर्षाच्या तोंडावर शाळा बदलताना: न्यू जर्सीहून टेक्सास

मुलाचं ज्युनियर वर्ष (अकरावी) संपवून, कॉलेजचे अर्ज भरायच्या सीनियर वर्षाआधीच राज्य बदलायचं ठरलं असेल, तर मूव्हर्सना फोन करण्याआधी जुन्या शाळेच्या रजिस्ट्रारला गाठा. न्यू जर्सीतल्या बहुतेक शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटतात आणि टेक्सासच्या ऑगस्टच्या मध्याला भरतात. मधल्या काळात दोन्हीकडचे काउन्सेलर बहुधा सुट्टीवर असतात. अंतिम ग्रेड चढलेलं ट्रान्सक्रिप्ट (हायस्कूलचं गुणपत्रक), विषयांची वर्णनं आणि शाळेची ओळख करून देणारं स्कूल प्रोफाइल सुट्टी लागायच्या आत मागून घ्या. घरी असलेली प्रत नाव नोंदवण्यापुरती चालते, अधिकृत प्रत मात्र शाळेकडून शाळेकडे थेट जावी लागते.

खरी गोम नव्या शाळेत जुने ग्रेड चढवण्यात आहे. क्रेडिटचा हिशेब सोपा: न्यू जर्सीत वर्षभराच्या विषयाला ५ क्रेडिट आणि हायस्कूलच्या पदवीला किमान १२०, टेक्सासमध्ये त्याच विषयाला १ आणि पदवीला एन्डॉर्समेंटसह (निवडलेल्या विषयशाखेसह) २६. पाचाचा एक झाला की पालक निर्धास्त होतात. पण जुन्या शाळेने ऑनर्स केमिस्ट्रीला जादा वेट (सरासरीत जास्त वजन) दिलेलं असतं आणि नवा डिस्ट्रिक्ट (तिथल्या शाळा चालवणारी संस्था) कदाचित फक्त एपीलाच, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांनाच देतो. मग ऑनर्सचा विषय साधा म्हणून चढतो. जुन्या शाळेने नुसती अक्षरं दिली असतील, तर नवा डिस्ट्रिक्ट स्वतःच्या तक्त्याने त्यांचे आकडे करतो, आणि ९६ मिळवणारा आणि ९३ मिळवणारा एकाच आकड्यावर येऊन बसतात. काही ठिकाणी बाहेरचे विषय नुसते क्रेडिट म्हणून नोंदले जातात, जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरलेच जात नाहीत.

म्हणून ऑगस्टमध्ये नव्या शाळेने तयार केलेलं ट्रान्सक्रिप्ट मागा, जुनं शेजारी ठेवा आणि ओळीने ताडून बघा: विषयाचं नाव, लेव्हल, ग्रेड, क्रेडिट. तफावत दिसली तर ईमेलनेच कळवा, तोंडी बोलणं दोन आठवड्यांत विरून जातं. शिवाय जुन्या शाळेचं मूळ ट्रान्सक्रिप्टही प्रत्येक कॉलेजला वेगळं पाठवा. ‘नव्यात सगळं येतंच की’ यावर विसंबू नका, येत नाही! मूळ कागद समोर असला तर कॉलेजचे ॲडमिशनवाले जुनी शाळा तिच्याच मापाने वाचतात, हे त्यांचं रोजचं काम आहे. त्यामुळे घाबरून जायचंही कारण नाही.

रँकचं (वर्गातल्या क्रमांकाचं) मात्र स्पष्टच सांगते. यूटी ऑस्टिनचा (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासचा) आपोआप प्रवेश २०२६ च्या फॉलपासून टेक्सासच्या शाळांतल्या वरच्या ५ टक्क्यांना आहे, आणि नव्या मुलाला रँक मिळेल की नाही, कशी मिळेल, हे डिस्ट्रिक्टच्या नियमावर ठरतं. तो नियम लेखी मागा, पण त्याच्या भरवशावर कॉलेजांची यादी करू नका. रँक नसली तरी अर्ज पूर्ण वाचला जातोच.

हायस्कूलच्या पदवीच्या अटी नव्या शाळेच्या पहिल्याच भेटीत विचारा. टेक्सासला गव्हर्नमेंट आणि इकॉनॉमिक्स अर्धा-अर्धा क्रेडिट लागतं, ते सीनियर वर्षात बसतं. स्टार (STAAR) या टेक्सास राज्याच्या पाच परीक्षांचं (अल्जिब्रा १, इंग्रजी १ आणि २, बायोलॉजी, यूएस हिस्टरी) काय करायचं, हे काउन्सेलरकडून लिहून घ्या. मूल आयबी डिप्लोमात (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात) असेल तर आधी तेच विषय त्याच लेव्हलला मिळतात का बघा. दोन वर्षांचा तो अभ्यासक्रम मध्येच तोडता येत नाही.

कॉलेजसाठीची शिफारसपत्रं जुन्या शाळेच्या ज्युनियर वर्षाच्या शिक्षकांकडूनच घ्या, आणि होकार जूनमध्येच मिळवा. नव्या शिक्षकाने दोन महिन्यांत मुलाला काय ओळखायचं? काउन्सेलरचं पत्र मात्र नव्याच शाळेकडून जाणार, तेव्हा जुन्या काउन्सेलरकडून एक परिच्छेद मागून तो त्यांना द्या. हजारो डॉलर घेणारे सल्लागार यातलं एकही काम तुमच्यासाठी करू शकत नाहीत, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा सल्ला बहुतेक वेळा दुसऱ्याच डिस्ट्रिक्टचा असतो.

कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांच्या एकाच ऑनलाइन अर्जात) जुनी शाळा तारखांसह भरा. ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’ला आता ३०० शब्दच आहेत. बदली कधी झाली आणि कोणता विषय त्यामुळे सुटला, एवढं चार वाक्यांत लिहा, गाऱ्हाणं नको.

कॉलेजच्या फीचं गणित वेगळं. टेक्सासची इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांची कमी) फी मिळायला सेमिस्टरच्या सेन्सस डेटच्या (हजर विद्यार्थी मोजायच्या तारखेच्या) आधी १२ महिने तिथलं वास्तव्य सिद्ध करावं लागतं, आणि फॉलची ती तारीख वर्गाचा बारावा दिवस असते. जुलैत आलात तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत वर्ष भरतं, डिसेंबरात आलात तर पहिलं सेमिस्टर हुकतं. भाडेकरार आणि नोकरी सुरू झाल्याचं पत्र, दोन्हींवर तारीख असलेल्या प्रती जपून ठेवा.