भयकथांचा संग्रह वाचून निराशा झाली? या चुका टाळा

मागच्या महिन्यात चौदा भयकथांचा एक संग्रह वाचायला घेतला आणि खरं सांगते, खूप हिरमोड झाला. मलपृष्ठावर रात्री एकट्याने वाचू नका वगैरे छापलेलं, म्हणून मी मुद्दाम रात्री एकटीच बसले आणि सलग सहा कथा वाचून काढल्या. पहिलीला अंगावर काटा आला, दुसरीला जरा धाकधूक झाली, तिसरीपासून नुसती पानं उलटत होते कारण शेवटी कोण मेलेलं निघणार हे आधीच कळायला लागलेलं. पुस्तक बाजूला टाकलं. आठवड्याभराने सहज दहावी कथा उघडली, आणि ती वाचून त्या रात्री पॅसेजमधला लाईट चालू ठेवून झोपले! पुस्तक तेच, लेखक तोच. म्हणजे माझ्या वाचण्यातच काहीतरी चुकत होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सलग वाचणं. भयकथांसाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याने १८४२ मध्येच हॉथॉर्न या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या कथांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा मनावर एकच एक परिणाम व्हावा. एका बैठकीत एक कथा, अख्खा संग्रह नाही. इंग्रज लेखक एम. आर. जेम्स यांचा भुतांच्या गोष्टींचा पहिला संग्रह १९०४ मध्ये आला, पण त्यांच्या बऱ्याच गोष्टी त्यांनी आधी नाताळात मित्रांना वाचून दाखवलेल्या, म्हणजे एका संध्याकाळी एखादीच. अशा सुट्या सुट्या लिहिलेल्या कथा एकत्र बांधल्या की लेखकाच्या सवयी उघड्या पडतात, तोच बंद वाडा, तोच अनोळखी पाहुणा, शेवटच्या ओळीतला तोच धक्का, आणि एकदा का पॅटर्न कळला की भीती संपलीच. म्हणून एका रात्री एकच कथा वाचा आणि मध्ये दुसरं काहीतरी हलकं वाचा.

प्रस्तावना शेवटी वाचा. त्यात बऱ्याचदा कथांचे शेवट सरळ सांगून टाकलेले असतात.

दुसरी एक चूक मी कित्येक वर्षं केली, ती म्हणजे सिनेमासारखं दचकायला मिळेल ही अपेक्षा. पडद्यावर अचानक मोठा आवाज येतो, कागदावर तो येत नाही, तिथे जे काही घडतं ते आपल्या डोक्यात आणि हळूहळू. जुन्या काळच्या इंग्रज भयकादंबरीकार ॲन रॅडक्लिफ यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापलेल्या लेखात त्यांनी टेरर आणि हॉरर असा फरक केलाय, टेररमध्ये अंधुक काहीतरी जाणवतं आणि मन जागं होतं, हॉररमध्ये ते गोठून जातं. कथा बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात जास्त चांगली जमते, आणि त्यासाठी वाचणाऱ्याने थोडं थांबावं लागतं. दर दोन मिनिटांनी फोन बघत असाल तर ते अंधुक काहीतरी तयारच होत नाही हो.

पण सगळा दोष वाचकाचा नसतो, हेही तितकंच खरं. मी त्या फसलेल्या कथा गॅप ठेवून परत वाचल्या. दोन खरंच चांगल्या निघाल्या, बाकीच्या दोन तशाच फुसक्या. त्यांच्यात भूत येईपर्यंत माणसांना स्वतःचं आयुष्यच नव्हतं, त्यामुळे ती मेली तरी काही वाटत नाही. भेसूर, अमानवी, काळीज गोठवणारं असे शब्द ढीगभर, पण नेमकं काय दिसलं ते कुठेच नाही. आणि शेवटच्या परिच्छेदात कोणीतरी म्हातारा येऊन सगळा खुलासा करतो, हे तर मला अजिबात सहन होत नाही, इतकी छान तयार झालेली शंका तिथे मरून जाते. अशी कथा परत वाचूनही तशीच वाटली तर खुशाल सोडा.

पुढचा संग्रह घेताना मलपृष्ठ वाचत बसू नका. मधलीच एखादी कथा उघडा, पहिली दोन पानं वाचा आणि त्यातल्या माणसाची काळजी वाटते का ते बघा.