घराच्या संरक्षणासाठी पिस्तुलाची काडतुसं: निवड, चाचणी आणि साठवण

सुरुवात नळीपासून करा. पिस्तुलाच्या नळीवर जे कॅलिबर (काडतुसाच्या मापाचं नाव) कोरलेलं असतं, तेच काडतुसाच्या बुडावर आणि खोक्यावर असायला हवं. '९ एमएम ल्युगर', '९ एमएम पॅराबेलम' आणि '९ बाय १९' ही एकाच काडतुसाची नावं आहेत. '९ एमएम शॉर्ट' म्हणजे मात्र .३८० एसीपी, आणि '९ एमएम मॅकारोव्ह' त्याहून निराळं. त्यामुळे नुसतं 'नऊ एमएम' म्हणून खोका उचलू नका. किती काडतुसं बाळगता येतात आणि हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ नाकाच्या गोळ्या, चालतात का, याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. पैसे मोजण्याआधी ते बघून घ्या.

सरावाची गोळी आणि संरक्षणाची गोळी एक नसते. सरावाला पूर्ण तांब्याच्या आवरणाची, गोल नाकाची गोळी स्वस्त पडते. पण ती शरीरात उमलत नाही, आरपार जाते आणि मागे कोण आहे हे बघत नाही. घरासाठी हॉलो पॉइंट घ्यावी. तिच्या नाकात खळगा असतो, शरीरात शिरल्यावर तो फुलतो आणि गोळी लवकर थांबते.

मात्र फार लवकर थांबणंही घातक ठरतं. १९८६ साली मायामीत एफबीआयच्या एजंटांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यातल्या एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत गेलेली ९ एमएमची गोळी हृदयाच्या जरा अलीकडेच थांबली आणि तो गोळ्या झाडत राहिला. दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयने जी कसोटी ठरवली ती आजही प्रमाण मानली जाते: मांसाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ आणि जास्तीत जास्त १८ इंच जावी, ठोकळ्यावर जाड कपडे असले तरीही. कपड्याचा मुद्दा क्षुल्लक नाही. खळग्यात कापड ठासलं गेलं की साधी हॉलो पॉइंट उमलतच नाही आणि सरावाच्या गोळीसारखी आरपार जाते. म्हणून खोक्यावरची जोरदार नावं वाचण्यापेक्षा जाड कपड्यांच्या चाचणीत ती किती इंच गेली, हे शोधा.

आणि एक गोष्ट गाठीशी बांधा: जी गोळी १२ इंच जाते, ती जिप्समच्या पातळ भिंतीही सहज पार करते. भिंतीत अडणारी आणि तरीही माणसाला थांबवणारी पिस्तुलाची गोळी मिळत नाही. बारीक छर्ऱ्यांची काडतुसं हा त्यावरचा उपाय नव्हे, ती पुरेशी खोल जात नाहीत. खरा उपाय आधीच करायचा असतो. घरातलं कोण कुठे झोपतं आणि कोणत्या दिशेला गोळी कधीच झाडायची नाही, हे दिवसाउजेडी फिरून ठरवा.

वजनाबाबत फार डोकं शिणवू नका. ९ एमएममध्ये ११५, १२४ आणि १४७ ग्रेन ही नेहमीची वजनं; १२४ ग्रेन म्हणजे साधारण ८ ग्रॅम. आमचा कल १२४ किंवा १४७ कडे आहे. 'प्लस पी' लिहिलेल्या काडतुसात दाब जास्त असतो: ९ एमएमची साधी मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), प्लस पीची ३८,५००. पिस्तुलाच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच ती वापरा. 'प्लस पी प्लस'ला ठरलेली मर्यादाच नाही, त्या वाटेला जाऊ नका. दोन इंची नळीच्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीला वेग कमी मिळतो आणि बऱ्याच हॉलो पॉइंट उमलत नाहीत, म्हणून आखूड नळीसाठीच बनवलेलं काडतूस बघा. घरी दारू भरून बनवलेली काडतुसं सरावापुरतीच ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जगात नावाजलेलं काडतूस तुमच्या पिस्तुलात अडकत असेल तर ते तुमच्यासाठी निकामी आहे. निवडलेल्या काडतुसाच्या २०० फैरी नेमबाजीच्या रेंजवर झाडा. खर्च झेपत नसेल तर निदान प्रत्येक मॅगझिनमधून (पिस्तुलात बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीतून) ५० फैरी, एकदाही न अडकता. मॅगझिनांवर रंगाने आकडे टाका आणि कुठे काय अडलं ते लिहून ठेवा, कारण दोष शोधायला तेवढंच लागतं. एकाच मॅगझिनमध्ये अडत असेल तर स्प्रिंग किंवा मॅगझिनची ओठं (काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा) बिघडली आहेत. सगळ्या मॅगझिनांत अडतं, पण गोल नाकाची काडतुसं मात्र सुरळीत चालतात, असं असेल तर चेंबरकडे (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेकडे) चढताना हॉलो पॉइंटचं नाक उतारावर अडतंय, काडतूस बदला. झाडल्यावर उरलेली रिकामी केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) बाहेर पडताना अडकत असेल तर आधी पकड बघा, सैल मनगटाने हे हमखास होतं. वजनाने हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये वेगळीच गोम असते: धक्क्याने न झाडलेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. सिलिंडर पाचचा असेल तर चार झाडून पाचवं काडतूस काढा आणि त्याची लांबी वाढली का ते मोजा.

चाचणीत पास झालेल्या काडतुसाचे आणखी खोके घ्या, शक्य तर त्याच लॉट नंबरचे, म्हणजे एकत्र बनवलेल्या मालातले. घरासाठी दोन भरलेली मॅगझिन आणि ५० चा एक राखीव साठा पुरतो.

साठवणीत काडतुसाचे शत्रू दोन, ओल आणि उष्णता. मूळ खोका फेकू नका, त्यावर लॉट नंबर असतो. खोके रबरी गॅस्केटच्या लोखंडी डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या. गॅस्केट धड आहे का हे बघायला कागदाची पट्टी झाकणाखाली दाबून ओढा. सहज निघाली तर रबर बदला. डबा कुलुपात, मुलांच्या हाती लागणार नाही असा, आणि राखीव साठा पिस्तुलापासून वेगळा. जागा घरातली थंड आणि कोरडी हवी, १५ ते २५ अंशांच्या आसपास. पत्र्याखालची खोली, न्हाणीघराला लागून असलेलं कपाट आणि उन्हात उभी गाडी टाळा; सततच्या उष्णतेने आतली दारू खराब होत जाते. चामडी पट्ट्यात काडतुसं कायमची खोवून ठेवू नका, चामड्यातल्या रसायनांनी पितळेवर हिरवा थर चढतो. पिस्तुलाला तेल दिल्यावर चेंबर कोरड्या फडक्याने पुसा आणि मगच भरा. पातळ तेल झिरपून प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) निकामी करू शकतं, आणि वरून काडतूस अगदी नवं दिसत राहतं.

रोज पिस्तूल रिकामं करून पुन्हा भरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासायलाच हवी. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये गेलं की दर वेळच्या आदळण्याने गोळी केसमध्ये मागे दाबली जाते. आतली जागा कमी होते, दाब धोकादायकरीत्या वाढतो. त्याच खोक्यातलं न वापरलेलं काडतूस शेजारी सपाट जागेवर उभं करा. वापरातलं आखूड दिसलं, तर ते झाडू नका, बाजूला काढा. बुडाला ओरखडे पडलेलं किंवा प्रायमरवर खळी पडलेलंही बाद. तीच वेळ येऊ नये म्हणून चेंबरमध्ये जाणारं काडतूस आलटून पालटून घ्या.

मॅगझिन भरलेलं राहिल्याने स्प्रिंग मरते हा समज चुकीचा आहे. ती झिजते वारंवार भरल्या-उपसल्याने. संरक्षणाची काडतुसं वर्षातून एकदा रेंजवर झाडून संपवा आणि नवी भरा. डब्यावर तारीख लिहा, जुनं आधी वापरा.

जुनी काडतुसं झाडताना ट्रिगर दाबूनही आवाज झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, दारू उशिरा पेटू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढची झाडली तर नळी फुटते. पिस्तूल रिकामं करून मागून नळीतून उजेड दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर ते बंदूक-कारागिराकडे न्या. बाद काडतुसं कचऱ्यात टाकू नका आणि उघडून दारू काढण्याच्या फंदात पडू नका. ती रेंजवर किंवा पोलिसांकडे जमा करायची असतात, आणि नेण्याआधी फोन करून विचारायचं.