कणकुंबी ते सौंदत्ती: खडक आणि तळी बघत पायी कसं हिंडावं

बेळगावातनं पावसाळ्यात बाहेर पडायचं म्हटलं की गाडी आपसूक आंबोलीकडं नाहीतर चोर्ल्याकडं वळते. धबधबा, फोटो, गरम भजी आणि परत. वाटेत लालसर-काळा, उजाड दिसणारा माळ लागतो, तिथं कुणी थांबत नाही. माझ्या मते खरं बघण्यासारखं तिथंच आहे, फक्त त्यासाठी गाडीतनं उतरून चालावं लागतं.

चालायला मी मलप्रभेचा काठ सुचवीन. ही नदी खानापूर तालुक्यात कणकुंबीला, साधारण ७९२ मीटर उंचीवर, जांभ्याच्या मुलखात उगम पावते आणि सौंदत्तीजवळ वालुकाश्माचा डोंगर चिरून पुढं जाते. नदी एकच, पण दोन ठिकाणचा खडक वेगळा, त्यामुळं पाणी साठण्याची तऱ्हाही वेगळी. खडक ओळखता आला की तळं कुठं असेल, किती दिवस टिकेल आणि त्यात उतरावं की नाही, याचा बराचसा अंदाज येतो. दोन्ही टोकं एका दिवसात उरकायचा हट्ट मात्र नको. दोन वेगळे रविवार काढा.

महिना आधी ठरवा

कणकुंबीसाठी ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. जून-जुलैत तिथं पाऊस असा कोसळतो की दहा पावलांवरचं दिसत नाही. नोव्हेंबरनंतर माळ सुकून करडा पडतो. सौंदत्तीचं उलट आहे. तो भाग कोरडा, म्हणून तिथं पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत जावं. फक्त मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा. यल्लम्माच्या डोंगरावर तेव्हा ‘उदो उदो’च्या गजरात पाय ठेवायला जागा नसते. देवदर्शनालाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. मंगळवार-शुक्रवारीही गर्दी असतेच.

वाट माणसाला विचारा

मोबाइलवरचा नकाशा जांबोटीपर्यंत ठीक. पुढं रेंज येते-जाते, आणि नकाशावरची पायवाट कधी शेताच्या बांधावर संपते तर कधी ओढ्यात. कणकुंबी जांबोटीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, चोर्ल्याच्या रस्त्यालाच आहे. बस मिळते, पण परतीची शेवटची गाडी किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. गावात चहाच्या टपरीवर सरळ मराठीत विचारावं, “मामा, माळावर जायला वाट कुठनं?” गुरं राखणारा कुणी भेटला तर त्याला थोडे पैसे देऊन सोबत घ्या. सौंदत्तीकडं कानडीच चालते. ‘दारी एल्लिदे?’ एवढं म्हटलं तरी माणूस हातवारे करून वाट दाखवतो.

दोन गोष्टी आधीच तपासा. पश्चिमेकडचं बरंच रान वनखात्याच्या ताब्यात आहे आणि भीमगड अभयारण्य (२०११ पासून) याच तालुक्यात येतं. आत जायला परवानगी लागते, पावसाळ्यात धबधब्यांकडं जायला बंदीही येते. त्या रानात गवे आणि अस्वलं आहेत, तेव्हा झाडीत शिरण्यापेक्षा मोकळ्या माळावर राहणंच शहाणपणाचं. दुसरं म्हणजे कणकुंबीजवळच कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेकडं वळवायचं काम आहे. म्हादई नदीच्या पाण्यावरनं कर्नाटक आणि गोव्याचं भांडण किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कामाजवळ कॅमेरा काढून उभं राहू नका, उगाच चौकशी मागं लागते.

जांभ्याच्या माळावर

सकाळी आठच्या आत माळावर असावं. घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, चपला-सँडल नकोत. जांभ्याच्या कडा पायाला कापतात आणि दगडांच्या फटींत फुरसं असतं. हातात काठी ठेवा, फटीत बोट घालू नका, बसण्याआधी दगड काठीनं ठोकून घ्या. झाडीतनं जावं लागलं तर जळवा चढतात. त्यांच्यावर मीठ टाकलं की सुटतात, म्हणून खिशात पुडी ठेवा.

पहिलं काम, खडकाजवळ बसून त्याच्याकडं नीट बघणं. उभ्यानं बघितलं तर जांभा म्हणजे नुसता भोकाभोकांचा लाल दगड. जवळनं पाहिलं की भोकांच्या कडेला काळपट, लोखंडी चकाकीची किनार दिसते आणि आत पिवळी-पांढुरकी माती भरलेली असते. हजारो-लाखो वर्षांच्या पावसानं मूळ खडकातला सिलिका धुऊन नेला, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागं राहिली, त्यांचा हा दगड. बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना उभा राहिला तो याच मुलखातल्या बॉक्साइटमुळं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या कच्च्या दगडामुळं.

आता बाटलीच्या झाकणात पाणी घ्या आणि कोरड्या जांभ्यावर ओता. बघता बघता ते आत जिरतं. मग असल्या दगडावर तळी कशी साठतात? माळाच्या खोलगट भागात वाऱ्या-पावसानं आलेला गाळ बसतो, भोकं बुजतात आणि वीतभर पाणी धरलं जातं. ही तळी उथळ, कुठं अंगणाएवढी तर कुठं ताटाएवढी. पाऊस थांबला की काही आठवड्यांत आटणारी.

घाई करायची नाही ती इथंच. तळ्याच्या कडेला उकिडवं बसा आणि पाच मिनिटं काही करू नका. आधी बेडूकमासे दिसतील. मग निळी-जांभळी, नखाएवढी फुलं, ती सीतेची आसवं. नाव भाबडं असलं तरी झाड शिकारी आहे. ओल्या गाळात आणि पाण्याखाली त्याला बारीक फुगे असतात. एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की झाकण आत उघडतं आणि तो पाण्यासकट ओढला जातो. जवळपास लाल, चिकट थेंबांची ‘दवबिंदू’ नावाची झाडं सापडली तर तीही त्याच जातकुळीची, किडे धरून खाणारी. या दगडावर मातीच नावापुरती, त्यात नत्र कुठलं असणार? मग झाडं ते किड्यांतनं मिळवतात. पांढऱ्या गुंड्यांसारख्या फुलांचे गेंद मात्र साधेभोळे, किडे न खाणारे.

तळ्यात पाय घालू नका. खोल नाही म्हणून काही होत नाही असं वाटतं, पण एका बुटानं ढवळलेला गाळ त्या वीतभर पाण्यातलं सगळं झाकून टाकतो. माळावर गाडी चढवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. चाकांच्या चाकोऱ्या पडल्या की पाणी तिकडनं वाहून जातं आणि तळं त्या वर्षापुरतं संपतं.

परतताना माळाच्या मधनं न येता कडेकडेनं उतरा. वर जिरलेलं पाणी खाली चिकण मातीच्या थराला अडतं आणि माळाच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. भातखाचरं आणि गावच्या विहिरी नेमक्या तिथंच का, ते बघितल्यावर कळतं.

चिरेखाणीचं तळं: लांबनंच

वाटेत चौकोनी, सरळ भिंतींची हिरवट तळी दिसली तर त्या सोडून दिलेल्या चिरेखाणी. भिंतीवर चिरे कापल्याच्या आडव्या-उभ्या रेघा सुंदर दिसतात. ताजा जांभा जरा मऊ असतो, हवा लागल्यावर टणक होतो, म्हणून तो असा ठोकळ्यांत कापता येतो. पण हे पाणी फसवं. काठाला उतार नसतो, पहिलंच पाऊल पुरुषभर खोलीत जातं आणि वर यायला धरायला काही नसतं. पोहता येत असलं तरी उतरू नका, पोरांना काठाशी सोडू नका. कडेचा दगडही सुटा असतो, फोटो चार पावलं मागनंच काढा.

सौंदत्तीकडं

इथं झाकणभर पाण्याचा प्रयोग पुन्हा करा. पाणी जिरत नाही, दगडावरनं ओघळून जातं. हा गुलाबी-पांढरा, थरांचा टणक खडक वाळूचा बनलेला आणि शंभर कोटी वर्षांहून जुना. दख्खनचा काळा लाव्हा त्यापुढं कालचा म्हणायचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. भूशास्त्रात या थराला सौंदत्तीचंच नाव आहे. सपाट थर दिसला की सकाळच्या किंवा सांजेच्या तिरप्या उन्हात त्यावरनं नजर फिरवा. कुठं कुठं पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक वळ्या दिसतात. त्या उथळ पाण्याच्या लाटांनी वाळूवर उमटवलेल्या, मग तशाच दगड झालेल्या. दुपारी बाराला गेलात तर त्या दिसायच्या नाहीत.

पाणी दगडात जिरत नाही म्हणून ते फटीत, घळीत आणि कुंडात साठतं. यल्लम्माच्या डोंगरावर आणि जोगुळभावीला कुंडं आहेत, भाविक तिथं स्नान करतात. तिथं निसर्ग बघायला आलेल्यानंही भाविकाच्याच रीतीनं वागावं. चपला बाहेर ठेवा, आणि आंघोळ करणाऱ्यांवर कॅमेरा रोखू नका. पुढं नविलुतीर्थाला मलप्रभा डोंगराच्या अरुंद खिंडीतनं जाते. तिथंच धरण बांधलंय, पाणी अडवायला याहून सोयीची जागा कुठली मिळणार! धरणाच्या भिंतीपाशी पहारेकरी सांगतील तिथंच थांबा. मागच्या रेणुकासागराच्या काठाला थंडीत पाणपक्षी असतात, दुर्बीण असेल तर घ्या.

या डोंगरावर सावली नाही. माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि खायला भाकरी-झुणका पुरे. अकराच्या आत चढउतार संपवा, नंतर दगड तापतो. वाळलेलं गवत असतं तेव्हा विडी-काडी पेटवू नका. सौंदत्तीतनं बेळगावला परतायला साधारण दोन तास धरा. पौर्णिमेच्या आसपास गेला असाल तर बसमध्ये जागा मिळेल या भरवशावर राहू नका, दुपारी दोनलाच स्टँड गाठा.