परदेशी निघण्याआधी बेळगावची बॅग कशी भरावी

मुलाला लंडन, सुनेला सिडनी ठरलं की आधी खडेबाजार गाठला जातो आणि नियम विमानतळावर कळतात. निदान आठ दिवस आधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर प्रवाशाच्या सामानाचे नियम बघा, मगच खरेदीला निघा. नियम बदलत असतात. गेल्या वर्षी शेजाऱ्याचं गेलं म्हणून आपलं जाईल असं नाही.

सर्वात मोठा घोटाळा कुंद्यात होतो. कुंदा म्हणजे तांबूस होईपर्यंत आटवलेलं दूधच. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून मांस किंवा दुधाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत, साजूक तूपही त्यातच आलं. बिस्किटं, चॉकलेट यांना सूट आहे, पण त्या सुटीत कुंदा बसेल या भरवशावर राहू नका. लंडनसाठी गोकाकचं करदंट, म्हणजे गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याची मिठाई बरी. फक्त वेष्टनावर तूप किंवा खवा लिहिलाय का ते वाचा. खानापूरकडचं मध युरोपीय संघात माणशी २ किलोपर्यंत चालतं, न्यूझीलंडला मात्र अजिबात नेऊ नका.

तांदळाचं कारण वेगळं. बेळगाव बासमती कितीही निवडलेला, वाळवलेला असो, अमेरिकेत प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाही. भीती खापरा भुंगेऱ्याची, म्हणजे साठवलेलं धान्य पोखरणाऱ्या किड्याची. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत, खोक्याच्या फटीत दडते आणि खायला काही नसलं तरी महिनोन्‌महिने तग धरते. गोदामात एकदा शिरली की काढणं महाकठीण. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने तांदळाबरोबर हरभरा, तूर, मूग, मसूर, जिरे, धणे, कच्चे शेंगदाणे आणि अख्खी सुकी मिरचीही सामानातून आणि टपालातून बंद केली आहे. म्हणजे ब्याडगी मिरचीचा पुडा सिडनीच्या बॅगेत नको.

दुबईला खसखस चालत नाही. सुटा पुडा कोणी ठेवत नाही, पण अनारशावर ती थापलेली असते आणि घरच्या मसाल्यात दळलेली असते. दुबईचे अनारसे खसखशीविना करा, मसाला वेगळा दळून घ्या.

ताजा कढीपत्ता अमेरिकेला नको, त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड जाते. युरोपीय संघात ताज्या फळभाजीला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर इथल्याच विमानतळावर निघतात, कारण तेलकट खोबरं आपोआप पेट घेऊ शकतं.

भरताना पदार्थ दुकानाच्या बंद वेष्टनातच ठेवा, पावती सोबत द्या. घरच्या डब्यावर इंग्रजीत नाव आणि घटक लिहून चिठ्ठी चिकटवा. कन्नड-मराठी लेबल तिकडचा अधिकारी वाचू शकत नाही आणि न समजलेली वस्तू तो बाजूला काढतो. जुनी पोती, धान्याची खोकी वापरू नका. खाण्याचं सगळं एकाच बॅगेत, वरच्या थरात ठेवा, म्हणजे तपासणीत कपडे उपसावे लागत नाहीत.

उतरल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत असं जाहीर करायचंच, शंका असली तरी. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर अमेरिकेत पहिल्याच वेळी १,००० डॉलरपर्यंत आणि न्यूझीलंडमध्ये जागेवर तिथले ४०० डॉलर दंड होतो. पदार्थांची इंग्रजी यादी पासपोर्टसोबत ठेवा. रात्रभराच्या प्रवासानंतर डब्यात काय होतं ते आठवत नाही.