साहेब, उमेदवारी अर्ज भरण्याआधी

फौजेत माझा ट्रेड क्लर्क. नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो, साताऱ्याजवळ घर बांधलं, आणि तेव्हापासून निवडणूक लागली की कुणी ना कुणी माजी अधिकारी कागदांची पिशवी घेऊन ओसरीवर येतो. "सुभेदारसाहेब, जरा फॉर्म बघून द्या." कर्नल येतात, ब्रिगेडियर येतात. बहुतेकांना वाटतं, भाषण अवघड आणि फॉर्म म्हणजे क्लर्कचं काम. क्लर्कचं तर आहेच. पण छाननीत अर्ज उडाला तर भाषण करायला तुम्ही उमेदवारच राहत नाही. म्हणून आधी कागद, मग गाव.

पहिली गोष्ट मतदार यादी. नोकरीत असताना तुमचं नाव गावच्या यादीच्या शेवटच्या भागात, सर्व्हिस व्होटर म्हणजे सेवेतला मतदार म्हणून असतं. मॅडम, म्हणजे तुमच्या पत्नी, बरोबर राहत असतील तर त्यांचंही. पेन्शनवर आल्यावर ते साध्या यादीत आपोआप चढत नाही, नमुना ६, म्हणजे नाव नोंदणीचा अर्ज, तुम्हालाच भरायचा असतो. लोकसभेला देशातल्या कुठल्याही मतदारसंघातलं नाव चालतं. विधानसभेला मात्र महाराष्ट्रातलंच लागतं. शेवटची पोस्टिंग डेहराडूनला झाली आणि तिथंच घर घेऊन नाव नोंदवलं असेल तर ते आधी इकडे आणा. ज्या मतदारसंघातून लढणार तिथल्या यादीत नाव नसेल, तर जिथं आहे तिथल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जाला लागते.

वर्दीत असताना पक्षाच्या ऑफिसात चहालासुद्धा जाऊ नका. सेना नियम १९५४, नियम २०. आधी पेन्शन, मग पक्ष. पुन्हा नोकरी धरली असेल, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी किंवा ईसीएचएस पॉलिक्लिनिकची (माजी सैनिकांच्या दवाखान्याची) ओआयसी, म्हणजे प्रमुखपद वगैरे, तर सरकारी लाभाच्या पदाचा प्रश्न निघतो, कारण असं पद हातात ठेवून निवडणूक लढवता येत नाही. राजीनामा देऊन भागत नाही, तो मंजूर झाल्याचं पत्र फाइलला लावा. पेन्शनला कुणी हरकत घेत नाही.

आता नमुना २६, म्हणजे शपथपत्र. फौजी उमेदवाराची खरी चढण इथं आहे. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिलात का, असा त्यात प्रश्न आहे. व्यापारी किंवा शेतकरी उमेदवार 'नाही' लिहून मोकळा होतो. तुम्ही त्या दहा वर्षांत पठाणकोट, जोधपूर, तेजपूर, दिल्ली कँट केलेलं असतं. प्रत्येक क्वार्टरचं भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोन यांची बाकी नाही असा दाखला लागतो. क्वार्टर स्टेशन हेडक्वार्टरनं दिलेला, वीज-पाणी एमईएसचं (फौजेच्या बांधकाम खात्याचं), भाडं पुण्याच्या पीसीडीए(ओ)नं, म्हणजे अधिकाऱ्यांच्या पगाराच्या कार्यालयानं, पगारातून कापलेलं. म्हणजे एका घरामागे तीन दारं. तुम्ही फील्डला होता आणि फॅमिली मागच्या स्टेशनला राहिली होती, तर तो क्वार्टरही यात धरायचा. हे साहेब लोक हमखास विसरतात, मॅडमना मात्र पक्कं आठवतं. तेव्हा पोस्टिंगची यादी त्यांच्याशेजारी बसून करा. निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी प्रत्येक स्टेशनला पत्र टाका, कारण तुमच्या वेळचा हेड क्लर्क आता तिथं नसतो आणि नव्या माणसाला जुनं रजिस्टर शोधायची घाई नसते. क्वार्टर सोडताना मिळालेली क्लिअरन्सची चिठ्ठी कुठल्या ट्रंकेत असेल तर तीच पहिली बाहेर काढा.

त्याच शपथपत्रात मालमत्ता. डीएसओपी (अधिकाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी), एजीआयएफ (फौजेचा विमा), ग्रॅच्युइटीतून घेतलेले फंड, एडब्ल्यूएचओ या फौजेच्या गृहनिर्माण संस्थेचा फ्लॅट, मॅडमचे दागिने, पाच वर्षांची आयकर विवरणं, हे सगळं साहेब लोक व्यवस्थित आणतात. राहतो तो सातबारा. वडील गेल्यावर वारस म्हणून तुमचं नाव गावच्या जमिनीवर लागलेलं असतं आणि तुम्ही तेव्हा सियाचीनला होता. गावातला विरोधक तोच उतारा घेऊन छाननीला येतो. तलाठ्याकडून सगळे उतारे काढा, बहिणींचे हिस्से वेगळे दाखवा. एकही रकाना रिकामा सोडू नका, काही नसेल तर 'निरंक' लिहा. आठवण देऊनही रकाने रिकामे राहिले तर निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज फेटाळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच सांगितलं आहे.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. अनामत विधानसभेला १०,००० आणि लोकसभेला २५,०००, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जाते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक, म्हणजे नाव सुचवणारा मतदार, एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले. दहाच्या जागी बारा तयार ठेवा, एखादा ऐनवेळी पाहुण्याकडे जातोच. अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं उघडा. मतपत्रिकेवरचा फोटो २ बाय २.५ सेंटिमीटर, साध्या कपड्यातला. वर्दी चालत नाही, टोपी नको, काळा चष्मा नको. मेडल लावलेला फोटो घेऊन येणाऱ्यांना मी गावातल्या स्टुडिओतच परत पाठवतो. अर्ज दिल्यावर अधिकाऱ्यासमोर शपथ घ्यायची असते, छाननीच्या दिवसाआधी. कसम परेडला घेतलेली इथं धरत नाहीत.

वर्दीचा विषय निघालाच आहे तर दोन कडक सूचना. पोस्टरवर जवानांचे, विंग कमांडर अभिनंदनसारख्या अधिकाऱ्यांचे किंवा एखाद्या कारवाईचे फोटो टाकू नका. निवडणूक आयोगानं २०१३ मध्ये हे बजावलं आणि २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(७) प्रमाणे नोकरीतल्या सैनिकाची किंवा अधिकाऱ्याची प्रचारासाठी मदत घेणं हा भ्रष्ट आचार ठरतो, आणि जिंकलेली निवडणूक रद्द होऊ शकते. जुना सहायक अजून नोकरीत आहे, सुट्टीवर आलाय, "साहेबांसाठी एवढं करतो" म्हणतोय. त्याला जेवू घाला आणि घरी पाठवा. पेन्शनवाले जितके हवेत तितके घ्या.

आता गाव. रँकमुळे लोक तुमचं ऐकायला एकदा येतात. दुसऱ्यांदा यायला दुसरं कारण लागतं. फील्ड मार्शल करिअप्पांची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. देशाचे पहिले भारतीय सेनाप्रमुख १९५३ साली निवृत्त झाले, मडिकेरीला राहिले, आणि १९७१ मध्ये लोकसभेला मुंबई ईशान्यमधून उभे राहिले. शिवसेनेचा पाठिंबा होता, तरी पडले. जनरल जे. जे. सिंग २०१७ मध्ये पतियाळात कॅप्टन अमरिंदर सिंग यांच्यासमोर उभे राहिले. समोरचाही फौजेतलाच, शिवाय पतियाळाच्या राजघराण्यातला. जनरलसाहेबांची अनामत गेली. उलट जनरल व्ही. के. सिंग २०१२ साली निवृत्त झाले, मार्च २०१४ मध्ये भाजपमध्ये आले आणि गाझियाबादेतून साडेपाच लाखांहून जास्त मताधिक्यानं निवडून आले. ते काही गाझियाबादचे नव्हेत. त्यांच्यामागे त्या वर्षीची लाट आणि पक्षाचं यंत्र होतं. उत्तराखंडच्या मेजर जनरल खंडुरींकडे पक्षही होता आणि गढवालही होतं, २०१२ मध्ये तर 'खंडुरी है जरूरी' ही घोषणाच होती. मुख्यमंत्री असताना ते कोटद्वारमध्ये हरले आणि भाजप ३१ जागांवर थांबला, काँग्रेस ३२ वर गेली.

आपल्याकडेही उदाहरणं आहेत. आझाद हिंद सेनेचे जनरल जगन्नाथराव भोसले १९५२ साली रत्नागिरी उत्तरमधून लोकसभेत गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फौजेतूनच आलेले सुधीर सावंत १९९१ मध्ये राजापुरातून निवडून आले, आणि तेही मधु दंडवत्यांच्या मतदारसंघात. दोघंही कोकणातले, कोकणातच लढलेले. तेव्हा जिथं तुमच्या आजोबांचं नाव सांगितल्यावर ओळख पटते, तिथून उभे राहा.

माजी सैनिकांची मतं गठ्ठ्यानं मिळतील, हा हिशेब पहिल्याच दिवशी खोडा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातसुद्धा हवालदार आणि कर्नल एका बाकावर बसून वाढलेले नसतात. जवान तोंडावर "जय हिंद साहेब" म्हणेल, पाणी देईल, आणि मत भावकीच्या माणसाला टाकेल. त्याला विचारायचं असतं की स्पर्शमध्ये (पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेत) माझा हयातीचा दाखला अडकला, बायकोचं नाव पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) चुकीचं आलं, तेव्हा तुम्ही कुठं होता? याचं उत्तर निवडणुकीच्या महिन्यात देता येत नाही. दोन वर्षं आधी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी एक टेबल टाका, लॅपटॉपवाला एक पोरगा बसवा आणि विधवांच्या पेन्शनची कामं करा. तुम्ही स्वतः बसा. साहेब स्वतः बसलेत हीच बातमी गावभर होते.

बोलताना हिंदी आवरा. निम्म्या साहेबांचं मराठी मेसमध्ये राहून गेलंय; "हमने तय किया है" असं कोपरा सभेत म्हणू नका. सैनिक संमेलनात शेवटी 'कोई शक?' विचारलं की सगळे गप्प असतात. इथं विचारलंत तर चार हात वर होतील, आणि पहिला हात ग्रामपंचायतीच्या पाण्याबद्दल विचारेल. चिडू नका, वहीत लिहून घ्या.

बूथची गोष्ट मात्र तुम्हाला जमण्यासारखी आहे. विधानसभेच्या एका मतदारसंघात साधारण साडेतीनशे मतदान केंद्रं. प्रत्येक ठिकाणी एक एजंट, त्याला बदली एक, जेवणाचा डबा. पेन्शनर जवानासारखा एजंट दुसरा नाही. मतदानाच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी असते, त्याला तो अर्धा तास आधीच हजर असतो, आणि संध्याकाळी नमुना १७ सीची, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांच्या नोंदीची, सही केलेली प्रत घेतल्याशिवाय हलत नाही.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. एका माणसाला किंवा संस्थेला सगळ्या निवडणुकीत मिळून १०,००० पेक्षा जास्त रोख देता येत नाही, पुढचं चेकनं. मंडपवाला कुरकुर करतो, करू द्या. रजिस्टर रोजच्या रोज लिहा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जायला हवा, पडलेल्या उमेदवाराचासुद्धा. नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पडलेले साहेब निकालाच्या आठवड्यात मुलाकडे अमेरिकेला निघतात. तिकीट हिशेबाची पोच हातात आल्यावर काढा.